नाव कोरण्यापासून नाव चढवण्यापर्यंत

मराठी घरांतल्या प्रेमाचा इतिहास कुणाला लिहायचा असेल, तर तो ‘नाव’ या एका शब्दाभोवती लिहिता येईल. वयात येणारं पोर वहीच्या शेवटच्या पानावर एक नाव लिहितं आणि लगेच खोडतं. थोडा धीर आला की तेच नाव किल्ल्याच्या भिंतीवर, नाहीतर लिंबाच्या खोडावर कोरतं. लग्नात नवरीला उखाण्यातून नाव घ्यायला लावतात आणि सगळा मांडव कान देऊन ऐकतो. त्यानंतर मात्र आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ते नाव तोंडातून काढलं नाही. ‘आमचे कारभारी’, ‘घरातली माणसं’, ‘पोरांचा बाप’ असं आडून बोलत त्यांचे संसार झाले. पुढे केस पिकायला लागले की पुन्हा नावाचा प्रश्न येतो. सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढवायचं? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत कुणाचं? विम्याला वारस कोण? दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी करायची?

पहिल्या नावाबद्दल आपल्याकडे अमाप लिहिलं गेलं आहे. शेवटच्या नावाकडे प्रेमाचा विषय म्हणून फारसं कुणी पाहत नाही. तो तलाठ्याचा आणि बँकेचा विषय समजला जातो. या लेखात मला या दोन नावांमधलं अंतर तपासायचं आहे. तरुणपणी दिलेला शब्द प्रौढ वयात कशात बदलतो, कशामुळे बदलतो, आणि काही घरांत तो का बदलत नाही, हा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की, तरुणपणची बांधिलकी शब्दाची असते आणि प्रौढपणची वाटणीची : कामाची, काळजीची, निर्णयाची आणि मालकीची वाटणी. हा बदल नुसतं वय वाढल्यानं होत नाही. माणसं एकमेकांना दुसऱ्यांदा निवडतात, तेव्हा तो होतो.

१. एका रस्त्याची दोन टोकं

मी बिडकीनला राहते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना साधारण निम्म्या वाटेवर हे गाव लागतं. गेली सत्तावीस वर्षं या भागातल्या मुलामुलींना मराठी शिकवते आहे. माझ्या पहिल्या वर्गातली मुलं आता चाळिशी ओलांडून गेली. सतराव्या वर्षी ज्यांच्या वह्यांची शेवटची पानं मी न पाहिल्यासारखं केलं, ती आता आपल्या मुलांचे दाखले काढायला भेटतात. प्रेमाचं वय वाढताना पाहण्याची ही एक बरी जागा आहे.

या रस्त्याच्या पैठणच्या टोकाला मराठी मुलुखातली सर्वांत जुनी प्रेमकविता आहे. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला सुमारे सातशे गाथांचा संग्रह प्रतिष्ठानच्या हाल सातवाहनाच्या नावावर आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो सविस्तर प्रस्तावनेसह मराठी वाचकांपुढे आणला. या गाथांचा बोलबाला झाला तो चोरट्या भेटींमुळे, गोदाकाठच्या संकेतस्थळांमुळे. पण सलग वाचत गेलं की लक्षात येतं, संग्रहात सगळी वयं आहेत. प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी आहे, संसाराला कंटाळलेली आहे, दारिद्र्यात एकमेकांची लाज राखणारं जोडपं आहे. सुखदुःख दीर्घकाळ वाटून घेतल्यावर मागे एकट्या उरलेल्याचं काय होतं, याचाही विचार आहे. ‘प्रेम’ म्हणजे फक्त सुरुवात, असं त्या जुन्या कवींनी मानलेलं दिसत नाही.

त्याच पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं केलं. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतः पत्र धाडणाऱ्या मुलीची ही कथा आहे. गंमत अशी, की तीच कथा लग्न जमावं म्हणून मुलींना पारायणाला देण्याचा रिवाज आपल्या घरांत पडला. घरच्यांच्या मर्जीबाहेर गेलेल्या मुलीची पोथी, घरच्यांच्या मर्जीतलं स्थळ मिळावं म्हणून वाचायची! ही कथा स्वयंवरापाशी आणि लग्नसोहळ्यापाशी संपते. नाथांचा स्वतःचा संसार मात्र पुढे चालू राहिला. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्यांना वाढला गेला आणि गिरिजाबाईंनी पुन्हा चूल पेटवली, ही आठवण वारकरी परंपरा आजही सांगते. नवऱ्यानं गावाशी वैर पत्करलं की त्याची झळ चुलीपर्यंत येते. गिरिजाबाईंनी ती झळ आपली मानली. हे लग्नानंतरचं प्रेम आहे आणि त्याला पोथी नाही.

आपल्या बहुतेक कथांचं असंच आहे. अक्षता पडल्या की पडदा पडतो. मग तरुणांनी पुढच्या पन्नास वर्षांचा नकाशा कुठून आणायचा?

२. तीन बाजू आणि तीन गाठी

मानसशास्त्रानं हा नकाशा काढायचा प्रयत्न गेल्या पन्नास वर्षांत केला. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ साली प्रेमाचा त्रिकोण मांडला. त्याच्या तीन बाजू म्हणजे ओढ, जवळीक आणि बांधिलकी. ओढ लवकर पेटते आणि तितक्याच लवकर ओसरू शकते. जवळीक, म्हणजे एकमेकांपाशी मन मोकळं करता येणं, ही हळूहळू वाढते. बांधिलकीत दोन गोष्टी येतात : मी या माणसावर प्रेम करतो असं ठरवणं, आणि ते पुढे टिकवायचं ठरवणं. यातला पहिला निर्णय एका संध्याकाळीसुद्धा होतो. दुसरा रोज घ्यावा लागतो. तरुण प्रेमात ओढीची बाजू लांब असते. प्रौढ प्रेमात उरलेल्या दोन बाजू लांबल्या नाहीत, तर ओढ आखडल्यावर त्रिकोण उरतच नाही.

ओढ ओसरणं हा चारित्र्याचा दोष नव्हे, एवढं तरी मेंदूच्या अभ्यासानं समजावलं. आर्थर ॲरन, हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांना आपल्या माणसाचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. डोपामिनशी संबंधित असलेला, बक्षिसाची आस लावणारा भाग त्यात जागा झालेला दिसला. तहानलेल्याला पाण्याची असते तशी ही आस. जन्मभर कुणी त्या तहानेत राहू शकत नाही. शेतं कोण नांगरणार? पण त्याच मंडळींनी पुढे सरासरी एकवीस वर्षं लग्न झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर गाढ प्रेम असल्याचं सांगणाऱ्या १७ जणांना तपासलं. त्यांच्यातही तो भाग जागा होता. सोबतीला जिव्हाळ्याशी, आईच्या मायेशी जोडलेले भागही दिसले. सतरा ही संख्या लहान आहे, आणि माणसंही निवडून घेतलेली होती. त्यामुळे सगळ्यांचंच असं होतं, असा अर्थ काढता येणार नाही. असं होऊ शकतं, एवढं कळतं.

आपल्या समाजासाठी मला अधिक उपयोगी वाटते ती मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाची मांडणी. ‘माणसं एकत्र का राहतात?’ या प्रश्नाची त्यांनी तीन उत्तरं वेगळी केली. राहावंसं वाटतं म्हणून, राहायला हवं असं मनाला वाटतं म्हणून, आणि राहण्यावाचून गत्यंतर नाही म्हणून. मी त्यांना इच्छेची, धर्माची आणि नाइलाजाची गाठ म्हणते. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही संसार सारखेच दिसतात. पन्नासाव्या वाढदिवसाला तिघांनाही सारखाच शालू मिळतो. आतून मात्र ती तीन वेगळी आयुष्यं असतात.

तरुणपणी पहिली गाठ इतकी घट्ट वाटते, की दुसऱ्या दोन्ही आहेत याची जाणीवच नसते. वय वाढतं तशी पोरं, घर, कर्ज, म्हातारे आईबाप, चार लोकांतली अब्रू या गोष्टी येतात आणि तिसरी गाठ आपोआप आवळत जाते. पहिली आपोआप आवळत नाही. ती पुन्हा पुन्हा मारावी लागते.

३. ठरवून की प्रेमातून?

इथे आपल्याकडचा जुना वाद येतो. ‘प्रेमाची लग्नं लवकर विटतात, ठरवून केलेली मुरतात’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. त्याला शास्त्राचा आधार म्हणून जयपूरच्या एका पाहणीचा दाखला देतात. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी १९८२ साली ५० जोडप्यांची ती पाहणी प्रसिद्ध केली. प्रेमविवाह केलेल्यांचे प्रेमाचे गुण सुरुवातीला जास्त आणि पाच वर्षांनंतर कमी. ठरवून लग्न केलेल्यांचे सुरुवातीला कमी आणि नंतर जास्त, असं त्यात आढळलं. मात्र एका शहरातली पन्नास जोडपी म्हणजे सगळा देश नव्हे. शिवाय वेगवेगळ्या मुदतीच्या जोडप्यांची तुलना करणं आणि एकाच जोडप्याच्या मागे वर्षानुवर्षं राहणं, यातही फरक असतो. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ठरवून आणि निवडून केलेल्या लग्नांत प्रेम, समाधान आणि बांधिलकी यांचा लक्षणीय फरकच सापडला नाही.

माझ्या मते हा वाद दारापाशीच अडकला आहे. आत कुठल्या दारानं आलात, यापेक्षा आत आल्यावर काय केलंत, याला जास्त मोल आहे. ठरवून झालेल्या लग्नातही एक दिवस निवड करावीच लागते. प्रेमविवाहात ती आधी झालेली असते म्हणून पुन्हा करायला नको, असं होत नाही.

४. एक लग्न, दोन निर्णय

मराठी साहित्यात या दुसऱ्या निवडीचा सगळ्यात लखलखीत दाखला मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतो. १८८० साली, अकराव्या वर्षी त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. त्या निवडीत त्यांचा भाग शून्य होता. टिळक प्रतिभावान, तितकेच तापट आणि घर सोडून निघून जाणारे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या रूढीनं पाहिलं तर लग्न तिथेच संपलं होतं. धर्माची गाठ तुटली. माहेरच्यांचा आधार होता, म्हणजे नाइलाजाची गाठही सैल होती. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. कर्मठपणा, संताप, मुलाची काळजी, सगळ्यातून गेल्या. मग आपल्या पायांनी त्या नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचारानं त्यांनीही धर्मांतर केलं.

हे पुस्तक मी मुलांना सांगते तेव्हा वर्गातली एखादी मुलगी हटकून विचारते, “मॅडम, म्हणजे शेवटी तीच झुकली ना?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं असतं, की पहिल्या खेपेला तिला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिनं स्वतःला विचारलं, आणि वेळ घेतला. शिवाय परतलेली बाई ही गेलेली मुलगी नव्हती. ती आता नवऱ्याची टिंगल करू शकत होती, आणि ते सगळं पुढे विनोदानं लिहूही शकत होती. लग्न एकदा झालं, सोबतीचा निर्णय दोनदा झाला. खरं नातं दुसऱ्या निर्णयापासून मोजायला हवं.

दुसरा दाखला फुले दांपत्याचा. १८४० साली लग्न झालं तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या. मूल झालं नाही, तेव्हा दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला आणि जोतीरावांनी तो साफ नाकारला, असं चरित्रकार नोंदवतात. सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. प्रेमपत्रं म्हणून कुणी ती उघडली तर चकित होईल. आजारपण, भावाशी झालेला वाद, दुष्काळ, अन्नछत्रं, सरकारी अधिकारी, हेच त्यांत आहे. नायगावहून लिहिलेल्या १८६८ सालच्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांची हकिगत येते. मुलगी गरोदर राहिल्याचं कळल्यावर गावानं दोघांची धिंड काढली होती आणि त्यांना ठार मारायची तयारी चालवली होती. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवून दोघांना सोडवलं आणि जोतीरावांकडे पाठवून दिलं.

त्या वेळी सावित्रीबाई सदतीस वर्षांच्या होत्या. प्रौढ बांधिलकीला काय येतं, याचं उत्तर या पत्रात आहे. तिला दुसऱ्याच्या कोवळ्या प्रेमाला आडोसा देता येतो. आणि आडोसा देताना नवऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. ‘पाठवते आहे’ एवढं कळवलं की पुरतं, कारण पलीकडचा माणूस दार उघडणार याची खात्री असते. अशी खात्री अठ्ठावीस वर्षांच्या सोबतीनं मिळवलेली असते. पुढे १८७३ साली सुरू झालेल्या सत्यशोधक विवाहपद्धतीत वधू-वरांनी सर्वांसमोर एकमेकांना वचनं द्यायची, आणि त्यांत स्त्रीच्या हक्काचा उच्चार असायचा. शब्द आणि वाटणी यांना पहिल्याच दिवशी एकत्र बसवण्याचा तो प्रयत्न होता.

५. जमीन, कोयता आणि मोबदला

आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे आमच्या आजच्या बिडकीनकडे येते. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर नवं औद्योगिक शहर वसतं आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना जमिनीचा मोबदला एकरी २३ लाख रुपये मिळाला. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. रस्ते रुंद झाले, बांध गेले, शेतांना प्लॉट नंबर आले. या सगळ्याचा प्रेमाशी काय संबंध, असं कुणी विचारील. फार जवळचा संबंध आहे. शेतकरी घरात नवरा-बायकोला एकत्र ठेवणारी मोठी गाठ जमिनीचीच असते. ती एका सहीनं सुटली, की खाली काय होतं ते दिसायला लागतं.

जमीन नसलेल्यांची गाठ वेगळी. मराठवाड्यातून दर वर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. तिथे हिशेबाचं एकक ‘कोयता’ असतं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. त्यामुळे पोराला कामाला लावायचं तर त्याचं लग्न करायचं, असा हिशेब बसतो, आणि मुलींच्या कोवळ्या वयातल्या लग्नांना हेही एक मोठं कारण आहे. जॉन्सनच्या भाषेत ही नाइलाजाची गाठ. तीही उचलीच्या रकमेनं बांधलेली. तरीसुद्धा पाचटाच्या खोपीत पहाटे तीनला उठून एकमेकांच्या डोक्यावर मोळी चढवून देणाऱ्या जोडप्यांत माया नसते, असं म्हणायची माझी हिंमत नाही. नाइलाजातूनही इच्छा उगवू शकते. पण ती उगवली नाही तर बाईला जायला जागा नसते, हे विसरून त्या मायेचे गोडवे गाऊ नयेत.

मोबदल्याच्या पैशानं आमच्या गावात दोन्ही प्रकार दाखवले. चारचाकी आल्या, बंगले झाले, काही घरांत वाटणीवरून भावाभावांत वैर आलं. काही घरांत बायकोला किती रक्कम आली याचा पत्ताच नव्हता, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दिला. तरी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणं ही आजही रीत आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी थोडीफार जमीन राजीखुशीनं बायकोच्या नावे करून दिली होती. शासनानंही पुढे त्यासाठी योजना आणली. त्या चळवळीकडे आपण अर्थकारण म्हणून पाहतो. मला ती मराठी ग्रामीण समाजातली प्रौढ प्रेमाची सर्वांत मोठी जाहीर कृती वाटते. झाडावर नाव कोरायला चाकू लागतो. सातबाऱ्यावर नाव चढवायला आपल्या मालकीतला भाग सोडावा लागतो.

माझ्याच घरातलं सांगते, कारण याबाबतीत परक्यांची उदाहरणं देऊन स्वतः बाजूला बसणं बरं नाही. लग्न ठरल्यानंतरच्या आठ महिन्यांत ह्यांनी मला पंचवीस पत्रं लिहिली. ती जपून ठेवलेली आहेत. अक्षर सुंदर आहे आणि शपथा पुष्कळ आहेत. नंतरच्या वर्षांत एकही पत्र आलं नाही. शाळा, शेत, सासूबाईंचं आजारपण, मुलींची शिक्षणं यांत बोलणं उरलं ते किराणा, खत आणि फीपुरतं. मोबदल्याचे पैसे आले तेव्हा रक्कम अर्थातच ह्यांच्या आणि दिरांच्या नावानं आली. त्या पैशांतून प्लॉट घ्यायचं ठरलं. खरेदीखताच्या आदल्या रात्री हे जेवता जेवता म्हणाले, “नाव दोघांचं टाकू. तुझं आधी.” मी विचारलं, “का?” ते म्हणाले, “तू पगार घरात घातलास म्हणून शेत विकायची पाळी आली नाही इतकी वर्षं. आणि मला काही झालं तर तुला कुणाच्या दारात उभं राहायला नको.” एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. पंचवीस पत्रांत मिळून जे नव्हतं ते या दोन वाक्यांत होतं : माझ्या कामाची नोंद, आणि त्यांच्या नंतरच्या माझ्या दिवसांचा विचार. पत्रं खोटी होती असं नाही. ती लिहिणाऱ्याला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांसाठी काय काय करणार आहोत, हे माहीतच नव्हतं.

तरुणपणचा शब्द असा कोऱ्या चेकसारखा असतो. रक्कम आयुष्य भरतं.

६. दारात गर्दी, आत शांतता

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा आमच्याकडची पोरं पहिल्या अर्ध्या भागातल्या गाण्यांवर नाचली. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा अर्धा भाग. पळून गेलेली आर्ची आणि परशा हैदराबादच्या झोपडपट्टीत राहतात. ती कारखान्यात काम शोधते, तो डोशाच्या गाडीवर राबतो. घाण, एकटेपण, संशय, हात उचलणं, तिचं निघून जाणं, परत येणं आणि मग हळूहळू जमलेला संसार. मराठी सिनेमानं अक्षतांनंतर पडदा पडू न दिल्याची ही दुर्मीळ वेळ. त्या दोघांना प्रौढ व्हायला दोन-तीन वर्षं मिळाली होती आणि त्यांनी ते जमवलं होतं. मारेकरी आले ते जमलेलं प्रेम मोडायला.

आपल्या समाजाची सगळी ताकद दारावर खर्च होते. जात कोणती, कुंडली जुळते का, हुंडा किती, पळून गेले तर तक्रार कुठे करायची. कायदासुद्धा मुख्यतः दारावरच उभा आहे. मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस. बाहेर पडायच्या दारावर पुन्हा कायदा : परस्परसंमतीच्या घटस्फोटाला विचार करायला सहा महिने. मधल्या तीस-चाळीस वर्षांत ‘तुमचं कसं चाललंय?’ असं विचारायला कुणी नाही. विचारलंच तर ‘बरं चाललंय’ हेच उत्तर अपेक्षित असतं.

आता मुली शिकल्या, कमावत्या झाल्या. शेती करणाऱ्या मुलाला मुली मिळेनात, अशी ओरड आहे. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. त्यामागे मुलींच्या घटलेल्या संख्येचा भाग आहेच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. पण आणखी एक गोष्ट त्या मोर्चातून मला ऐकू आली. नाइलाजाची गाठ सैल होत चालली आहे. मुलीला ‘नाही’ म्हणता येऊ लागलं आहे. ज्या समाजानं संसार टिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्या एकाच गाठीवर भिस्त ठेवली, त्याला दुसऱ्या गाठी मारायला आता शिकावं लागेल.

म्हणून वर्गातल्या मुलामुलींना मी प्रेमात पडू नका असं सांगत नाही. सांगून कुणी थांबलेलं नाही. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत थांबा, कायदा तुमच्या संमतीला संमती मानत नाही, हे स्पष्ट सांगते. त्यापुढे तीन प्रश्न देते. हा माणूस तुमचं ‘नाही’ कसं ऐकतो? तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी तो काय करतो? पैशाचं तुमच्याशी खरं बोलतो का? हे तिन्ही प्रश्न प्रौढ प्रेमाचे आहेत, पण त्यांची उत्तरं वयाच्या विसाव्या वर्षीही दिसतात. उत्तरं वाईट असतील तर कितीही शपथा असल्या तरी मागे फिरावं. लग्न झालेलं असलं तरी फिरता येतं. टिकणं हा प्रेमाचा पुरावा नव्हे. मार खात टिकलेला संसार ही फक्त तिसरी गाठ असते.

आणि ज्यांचं लग्न होऊन पंधरा-वीस वर्षं झाली, त्यांच्यासाठीही एक काम आहे. घरातले कागद एकदा बाहेर काढावेत : सातबारा, घराची नोंद, बँकेचं पुस्तक, विमा. कुणाचं नाव कुठे आहे ते दोघांनी शेजारी बसून पाहावं. जिथे नाव नाही तिथे का नाही, हे विचारावं. त्या बोलण्यात कदाचित भांडण होईल. पण पोरांचे दाखले, खताच्या गोण्या आणि किराणा यांच्या पलीकडे दोघांनी बोलायला घेतलेला तो बऱ्याच वर्षांतला पहिला विषय असेल. तलाठी कार्यालयात फेरफाराला अर्ज लागतो, सही लागते, महिना-दोन महिने जातात. तेवढा वेळ कुणाच्या तरी नावासाठी रांगेत उभं राहणं, ही माझ्या लेखी प्रेमाची कृती आहे.